केळीच्या पानावर कलेक्टर

एम.एस्सी.साठी जळगावात खोली शोधत हिंडताना घरमालकांच्या प्रश्नांची मला सवय झाली होती. स्वयंपाक कोण करणार, संध्याकाळी किती वाजता परतणार, भेटायला कोण कोण येणार. उत्तरं मी पाठच केली होती. मेहरूणमधल्या चौथ्या घराच्या मालकांनी मात्र यांतला एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी मला अंगणातल्या सिमेंटच्या हौदाशी नेलं, शिवणयंत्राच्या जुन्या टेबलावर ठेवलेल्या सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं आणि हातात पेन्सिल दिली.

"जे दिसतं ते काढा," ते म्हणाले. "नाव लिहू नका."

बी.एस्सी.ला मी प्राणिशास्त्रात महाविद्यालयात पहिली आले होते. मी एक नीटस वर्तुळ काढलं, त्याची कड जाड गिरवली, आतला भाग कोरा ठेवला आणि, न राहवून, खाली एक लांबलचक लॅटिन नाव लिहिलं. त्यांनी कागद उजेडात धरून एक डोळा मिटला.

"चित्र उत्तम. कड जाड आहे, आत काही नाही, हलतही नाही. सगळं बरोबर टिपलंत. हा हवेचा बुडबुडा आहे."

स्वयंपाकघराच्या दारातून एक बाई हसत म्हणाल्या, "पोरले पहिले पाणी तं पेऊ दे, मंग परीक्षा ली ले!"

मी सामानाची पिशवी उचलू लागले. ते म्हणाले, "कुठे चाललात? खोली तुमची. जे दिसलं तेच काढलंत, एवढं मला पुरे. नाव चुकलं, ते चुकणारच. म्हणून तर लिहू नका म्हटलं होतं."

त्या घरात मी दोन वर्षं राहिले. त्यांना सारी गल्ली नाना म्हणे, त्यांच्या पत्नीला अक्का. मीही तेच म्हणू लागले. पहिल्याच आठवड्यात नानांचं 'तुम्ही' जाऊन 'तू' आलं. 'मॅडम' फक्त टोमणा मारायचा असेल तेव्हाच उरलं.

नाना निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. नोकरीची बहुतेक सगळी वर्षं त्यांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून येणाऱ्या तापकऱ्यांच्या रक्ताच्या काचपट्ट्या तपासण्यात घालवली होती. उजवा डोळा सूक्ष्मदर्शकाला लावायचा आणि डावा मिटायचा, ही सवय इतकी भिनली होती, की कोणाचं बोलणं लक्षपूर्वक ऐकतानाही त्यांचा डावा डोळा आपोआप मिटत असे. एका नव्या भाजीवालीने याबद्दल अक्कांकडे रीतसर तक्रार केली. अक्का तिला म्हणाल्या, "त्या डोळा नही मारतस वं, तपासतस." तेव्हापासून ती भाजी नानांपुढे जरा निवडूनच ठेवू लागली.

निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, आणि माणूस घरभर अस्वस्थ फिरू लागला. त्याच सुमारास धुळ्याजवळचा लग्नसमारंभांचा एक लॉन बंद पडला. तिथल्या शोभेच्या तळ्यातले कोई जातीचे सात रंगीत मासे नानांनी मागून आणले. त्यांच्यासाठी हौद बांधला, त्यावर केळीच्या रोपवाटिकेतली हिरवी जाळी ताणली आणि एका शाळेने टाकून दिलेला, आरशावर ऊन घेऊन चालणारा सूक्ष्मदर्शक दुरुस्त केला. हौदात किती पाणी मावतं हे कळावं म्हणून तो पहिल्यांदा बादल्यांनी मोजून भरला गेला. मोजल्या नानांनी, ओतल्या अक्कांनी. औषधाची मात्रा काढताना नाना आकडा सांगू लागले, की अक्का कंबरेवर हात ठेवून त्यात दुरुस्ती करत.

माशांची नावं हौदातल्या मानमरातबानुसार होती. सर्वांत मोठा, पांढऱ्या अंगावर लाल पट्टे असलेला, खाणं टाकताच सगळ्यांना बाजूला सारून पुढे येणारा तो कलेक्टर. त्याच्या मागे मागे राहणारा सोनेरी तो सरपंच. दगडाआड दडून बसणारा आणि गरज असताना कधीही न सापडणारा काळा मासा, तो तलाठी.

माशांच्या अंगावरच्या परजीवींनाही त्यांनी अशीच नावं दिली होती. लॅटिन नावं त्यांना येत नव्हती असं नव्हे. तपासणीच्या वहीच्या शेवटच्या पानावर ती सगळी सुवाच्य अक्षरांत लिहिलेली होती. पण बोलताना ते स्वतःचीच वापरत. बशीसारखी गरगर फिरणारी ती भिंगरी. सावकाश कुशीवर वळणारा गोल तो लोळ्या. कातडीवर राहणारी, बारीक अळीसारखी एक होती. तिच्या पोटात तिचं पूर्ण वाढलेलं पिल्लू दिसे, आणि नीट पाहिलं तर त्या पिल्लाच्याही पोटात पुढचं. ती लेकुरवाळी. तशीच दिसणारी, पण कल्ल्यांत राहणारी आणि डोक्यावर चार काळे ठिपके असलेली ती चारडोळी. मी या नावांना आधी हसले. परीक्षेत मात्र प्रत्येक लॅटिन नाव मला याच नावांवरून आठवलं.

तपासणीचे त्यांचे नियम ठरलेले होते. मेलेला मासा चालत नाही. वाळलेली काचपट्टी चालत नाही. अंगावरचा चिकट थर काचेवर घेतला की लगेच पाहायचा, कारण आतले जीव हलताहेत तोवरच ओळखू येतात. नमुना तीन जागांचा घ्यायचा: कूस, शेपटी आणि कल्ले. मासा ठेवायचा तो ओल्या केळीच्या पानावर, कारण त्याच्याइतकं गुळगुळीत आणि थंड अंथरूण नाही, आणि जळगावात त्याचा तुटवडाही नाही. पण शेवटचा नियम खास नानांचा होता. मासा पाण्याबाहेर असेपर्यंत भोवतीच्या सर्वांनी श्वास धरायचा. पहिला श्वास ज्याचा सुटेल त्याने हात वर करायचा, आणि मासा पाण्यात परत.

"घड्याळ लावलं तर आपण घड्याळाकडे बघतो," नाना सांगत. "छाती दुखायला लागली की माशाची आठवण येते."

त्यामुळे तपासणीच्या दिवशी आमच्या अंगणाचं दृश्य पाहण्यासारखं असे. पानावर कलेक्टर, त्याच्यावर वाकलेले नाना, कल्ल्याचं झाकण हलकेच उचलून धरलेली मी, आणि गाल फुगवून डोळे वटारलेल्या अक्का. एकदा गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस दारातच थबकला आणि काही न समजता त्यानेही श्वास धरला. त्याचाच आधी सुटला. नानांनी त्याला चहा पाजला आणि "सराव ठेवा" असं बजावलं.

त्यांची कीर्ती धुळ्यापर्यंत गेली होती. एक गृहस्थ तिथून मोटारीने आले. त्यांच्या शेतघराच्या तळ्यातले कोई मरत होते आणि त्यांनी एक मेलेला मासा बर्फात घालून आणला होता. नानांनी झाकण उघडून पाहिलं आणि लावून टाकलं.

"साहेब, भाडेकरू घर सोडून गेले. रिकाम्या घरात आता काय चौकशी करू?" आणि माझ्याकडे बघून, "आमची भाडेकरू अजून आहे, पण तिला काही विचारू नका, ती लगेच नाव सांगेल."

मग त्याच मोटारीतून ते धुळ्याला गेले. मांडीवर सूक्ष्मदर्शक होता, शेजारी मी, आणि मागच्या आसनावर केळीच्या पानांची गुंडाळी. धुळ्यात चांगलं केळीचं पान मिळत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. तिथे चार मासे तपासले, प्रत्येकाच्या तीन जागा पाहिल्या. परजीवी एकही नव्हता. चौकशीत कळलं, की दुकानदाराने सांगितलेली चार औषधं त्या गृहस्थांनी एकामागून एक तळ्यात ओतली होती.

"तुमच्या तळ्यात माशांखेरीज काहीही जिवंत उरलेलं नाही," नाना अत्यंत आदराने म्हणाले. "आता मासे तरी राहू द्या. पाणी बदला."

परत येताना त्यांनी वही काढून प्रत्येक माशापुढे तिन्ही रकान्यांत 'काही नाही' असं लिहिलं. बारा वेळा. मी म्हटलं, एकदाच लिहून खाली खुणा केल्या तरी चाललं असतं. ते म्हणाले, "बारा वेळा पाहिलं, तर बारा वेळा लिहायला काय हरकत आहे?"

ही वही ध्यानात ठेवायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापाशीच घडलं.

माझ्या दुसऱ्या वर्षाच्या एप्रिलमध्ये नानांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, सूक्ष्मदर्शकाला तर महिनाभर हातही लावायचा नाही. डाव्या डोळ्याने पाहा, असं मी सुचवलं. "तो नुसता तोंडदेखला आहे," ते म्हणाले. "आयुष्यभर मिटून घेतलाय, आता त्याच्याकडून काम कसं मागू?" आणि नेमकं त्याच आठवड्यात एका सकाळी अक्का जिन्याखालून ओरडल्या, "वं पोरी, खाले ये! कलेक्टर भित्तडाले आंग घासी ऱ्हायना!"

कलेक्टर खरोखरच भिंतीला कूस घासत होता. त्याच्यामागून सरपंचही. परजीवी झाल्याचं ते पहिलं लक्षण. नाना हिरवा चष्मा लावून खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आज तू माझा डोळा. मी विचारीन, तू सांग."

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. दोन वर्षांत प्रथमच खऱ्या तपासणीत नळीवर माझा डोळा होता. संशोधनाच्या जागांसाठी मी अर्ज करत होते, आणि स्वतंत्र निदान ही त्या अर्जांत लिहिण्यासारखी गोष्ट होती. कुशीचा नमुना घेतला. लेकुरवाळी इतकी स्पष्ट दिसली, की पोटातल्या पिल्लाचे कातडीत रुतणारे आकडेसुद्धा मोजता आले असते. शेपटीवरही तीच. आता कल्ले. मी पुन्हा कलेक्टरला पानावर घेतलं, झाकण उचललं, आणि त्याने शेपटीचा असा तडाखा दिला की माझा श्वास तिथेच सुटला. अक्कांनी माझ्या वतीने हात वर केला. मासा पाण्यात गेला.

नियमाप्रमाणे श्वास घेऊन त्याला पुन्हा उचलायचं होतं. पण निदान हाती आलं होतं, ऊन चढत होतं आणि मला महाविद्यालयात पोहोचायचं होतं. नानांना हौद धूसर दिसत होता, अक्का चहा ठेवायला आत गेल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कल्ले?"

"काही नाही," मी म्हणाले. आणि वहीच्या तिसऱ्या रकान्यात तसंच लिहिलं.

लेकुरवाळीला जंतांच्या औषधाची एक मात्रा पुरते, कारण ती अंडी घालत नाही. पिल्लू पोटात असतं, आईबरोबर तेही संपतं. बादल्यांचा हिशेब झाला, गुरांच्या औषधांच्या दुकानातून गोळ्या आल्या, कुटून पाण्यात मिसळल्या. तीन दिवसांत कलेक्टरचं अंग घासणं थांबलं. अक्कांनी शिरा केला. नानांनी वहीत माझ्या नावापुढे 'निदान' असा शब्द लिहिला. एरवी तिथे 'मदतनीस' असे.

आठ दिवसांनी कलेक्टर पाण्याच्या वर तोंड काढून, हवेच्या पंपाशी उभा राहू लागला. खाणं टाकलं तर पुढे येईना. सरपंच त्याच्याआधी खाऊ लागला. मी कूस आणि शेपटी पुन्हा तपासली. दोन्ही स्वच्छ. धाप लागलेल्या माशाला फार वेळ बाहेर नको, कल्ले तर पाहिलेलेच आहेत, म्हणून नानांनी तिसरी जागा सोडायला सांगितली. नाना खुर्चीवर बसून मोठ्याने विचार करू लागले.

"अंग स्वच्छ आहे. कल्ले स्वच्छ होते. तरी याला श्वास पुरत नाही. म्हणजे आपल्याला दिसत नाही असं काहीतरी आहे. आता परमँगनेट द्यावं लागेल."

परमँगनेट म्हणजे विहिरीत टाकतात ते जांभळं औषध. पाण्यात जे सापडेल ते जाळत जातं. तंत्र बरोबर होतं, तर्कही बरोबर होता. फक्त त्या तर्काची एक वीट मी खोटी बसवली होती. कल्ल्यांत आधीच जखमा असतील, तर त्या उन्हाळ्यात, त्या तापलेल्या पाण्यात, जांभळं औषध कलेक्टरला दुपारपर्यंतही जगू देणार नव्हतं.

नानांनी पुडी फोडली, बादलीत रंग पसरला आणि बादली माझ्या हातात दिली. "काठाने सावकाश ओत." मी हौदापर्यंत गेले. कलेक्टर पंपाशी तोंड उघडमीट करत होता. त्याक्षणी मला श्वास धरायला कोणी सांगितलेलं नव्हतं, तरी तो धरला गेला होता.

"नाना, मी कल्ले पाहिले नव्हते."

नाना खुर्चीत पुढे सरकले.

"म्हणजे?"

"श्वास सुटला. परत उचललंच नाही. न बघता लिहिलं."

त्यांनी हिरवा चष्मा काढला. ऑपरेशनचा डोळा लाल होता, आणि डावा, आयुष्यात बहुधा प्रथमच, पूर्ण उघडा. मी ओरडा खायच्या तयारीने उभी होते. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, बादली खाली ठेवा. अक्का, पान!"

त्या सकाळी अक्कांनी आणलेलं पान अख्खं होतं, जेवणावळीला पुरेल एवढं. कलेक्टरला त्यावर घेतलं. या वेळी त्याने तडाखाही दिला नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. मी झाकण उचललं, लाल पिसाऱ्यासारख्या कल्ल्याच्या कडेवरून काच हळूच फिरवली आणि त्याला पाण्यात सोडलं. मग सूक्ष्मदर्शक.

"काय दिसतंय? नाव नको."

"लांबट आहे. आखडतंय, पसरतंय. मागच्या टोकाला आकडे. पोटात पिल्लू नाही."

"पुढे बघ. डोक्याकडे."

"ठिपके आहेत. काळे. दोन... चार."

"चारडोळी!" नाना खुर्चीवरून उठलेच. "चारडोळी शे ना! अंडा घालेल व्हतीस तिनी! पहिल्या मात्रेत आया मेल्या, अंडी राहिली, आता पोरं निघाली." आनंद झाला की ते असे एका वाक्यात दोन भाषा बोलत. "म्हणजे औषध तेच. फक्त दोनदा. आज एक, आणि उरलेली अंडी फुटली की दुसरी. या उन्हात चार-पाच दिवस पुरेत."

जांभळी बादली अक्कांनी मोरीत ओतली. मोरी पुढे कितीतरी दिवस जांभळी राहिली.

दुपारी वही माझ्यापुढे आली. मला वाटलं, ते मला 'काही नाही' खोडायला सांगतील. मी पेनही उघडलं होतं.

"खोडू नकोस," नाना म्हणाले. "खाली लिही. 'पाहिले नाही.' आजची तारीख टाक आणि सही कर."

मी लिहिलं. त्यांनी वही मिटली आणि आत झोपायला गेले. मी तिथेच बसून राहिले. तेव्हा अक्का लसूण सोलत शेजारी येऊन बसल्या.

"इतलं मनले लावी लेऊ नको. त्यास्नी बी असंच करेल शे एकदाव."

गोष्ट नोकरीच्या पहिल्या वर्षाची होती. दिवाळीच्या आदल्या दिवशी शिरपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावातून काचपट्ट्यांचा गठ्ठा आला. बसची वेळ झाली होती. शेवटच्या काहींवर नानांनी न बघताच 'काही नाही' लिहिलं. दिवाळीनंतर त्यांतल्याच एका माणसाची काचपट्टी पुन्हा आली, ताप वाढल्यावर घेतलेली, आणि या वेळी तिच्यात हिवतापाचे जंतू खच्चून होते. औषध मिळालं, माणूस उठला. उठल्यावर स्वतः चालत आला, आणि आजार शोधून काढला म्हणून नानांना पिशवीभर चारोळ्या देऊन गेला.

"त्या चारोळ्या मी बासुंदीमा टाक्यात," अक्का म्हणाल्या. "बठ्ठास्नी खाध्या. यास्नी एक वाटी बी नही घिदी. आजलोंग नही खातस."

घरात गोड झालं की नाना आपल्या वाटीतल्या चारोळ्या वेचून बाजूला ठेवत, हे मी दोन वर्षं पाहत होते. दातांचा काही त्रास असेल, असं मी न विचारताच ठरवून टाकलं होतं.

कलेक्टर बरा झाला. दुसऱ्या मात्रेनंतर तिसऱ्या दिवशी त्याने सरपंचाला असा धक्का दिला, की सरपंच तलाठ्याच्या दगडाआड गेला आणि तलाठी कित्येक महिन्यांनी उजेडात आला. माझ्या अर्जात मी हे निदान लिहिलं, आणि ते पहिल्या खेपेला चुकलं होतं, हेही लिहिलं. मुलाखतीत त्या एका ओळीवरच सर्वांत जास्त प्रश्न आले. ती जागा मला मिळाली. आज मी माशांच्या रोगांवरच काम करते, आणि आमच्या प्रयोगशाळेच्या तक्त्यांत 'पाहिले नाही' असा रकाना माझ्या आग्रहाने आला आहे. सहकाऱ्यांना तो माझा विक्षिप्तपणा वाटतो.

या वर्षी मेमध्ये जळगावला गेले. हौदावरची जाळी नवी होती, सूक्ष्मदर्शक तोच. नानांच्या आता दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत आणि त्यांना इतकं स्वच्छ दिसतं, की भाजीवाली फार जपून असते. वरच्या खोलीत औषधनिर्माणशास्त्राची एक विद्यार्थिनी राहते. तिचंही बुडबुड्याचं चित्र वहीत चिकटवलेलं आहे, माझ्या चित्राच्या समोरच्या पानावर. तिने नाव लिहिलेलं नाही. नानांनी हे मला दोनदा दाखवलं.

"आलीच आहेस तर बघून घे," ते म्हणाले. अक्कांनी पान पसरलं. कलेक्टर आता वजनाने इतका वाढला आहे, की त्याला उचलायला दोघं लागतात. कूस झाली, शेपटी झाली. कल्ल्याचं झाकण उचललं आणि माझा श्वास सुटला. प्रयोगशाळेत सराव राहत नाही. मी हात वर केला, त्याला पाण्यात सोडलं, दोन खोल श्वास घेतले आणि म्हणाले, "परत उचलू या."

अक्कांनी पुन्हा गाल फुगवले. दुसऱ्यांदा काच कल्ल्याच्या कडेवरून नीट फिरली, मासा पाण्यात गेला. मी नळीवर बराच वेळ डोळा ठेवून होते. कडा, पेशी, एक बुडबुडा. मग वही ओढून तिसऱ्या रकान्यात लिहिलं: काही नाही.

नानांनी वही उजेडात धरली. डावा डोळा मिटला.

"पाहिलं?"

"पाहिलं."

त्यांनी खाली सही केली. तेव्हा कुठे आमचं लक्ष अक्कांकडे गेलं. श्वास सुटलेल्या त्या अजून डोळे वटारून उभ्या होत्या, आणि कोणी बघेना म्हणून हात वर धरून कधीच्या दमल्या होत्या.